मनोहारी सिंग : एका सॅक्सोफोनवादकाची कारकीर्द आणि चित्रपटगीतातील कर्तृत्वाचा प्रश्न

हिंदी चित्रपटगीताचा विचार आपल्याकडे बहुधा तीन नावांच्या आधारे होतो : गीतकार, संगीत दिग्दर्शक आणि पार्श्वगायक. परंतु ऐकणाऱ्याच्या स्मरणात जे गीत राहते ते केवळ या तिघांचे नसते. आरंभीचा स्वरपुंज, दोन कडव्यांमधील वाद्यांची ओळ, गायकाच्या शब्दाला वाद्याने दिलेले उत्तर, या गोष्टी काढून टाकल्या तर पुष्कळ गीते ओळखूही येणार नाहीत. हे काम करणारा चौथा माणूस म्हणजे वादक, आणि त्याच्याही मागे उभा असलेला संगीत संयोजक. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत या दोन्ही भूमिका दीर्घकाळ एकत्र पार पाडणारे कलावंत म्हणून मनोहारी सिंग (१९३१–२०१०) यांचे नाव घ्यावे लागते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न वाचकास पडणे साहजिक आहे. त्यास तीन कारणे आहेत. परकी वस्तू देशी कशी होते, हा प्रश्न आपण उसन्या शब्दांच्या बाबतीत नेहमी विचारतो. सॅक्सोफोन या वाद्याच्या बाबतीतही तो तसाच विचारता येतो. दुसरे असे की, मौखिक परंपरा आणि लिखित परंपरा यांचा संबंध मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात जितका स्पष्ट दिसला तितका क्वचितच कोठे दिसेल. तिसरे कारण नामाभिधानाचे होय. माणसाच्या कामाला आपण कोणते नाव देतो, यावर त्याचे श्रेयच नव्हे, तर पुढे त्याचे हक्कही अवलंबून राहतात.

१. वाद्य आणि त्याचा मुंबईतील प्रवेश

सॅक्सोफोन हे वाद्य बेल्जियममध्ये जन्मलेले कारागीर अडॉल्फ साक्स यांनी निर्माण केले आणि त्याचे एकाधिकारपत्र त्यांना १८४६ मध्ये पॅरिस येथे मिळाले. या वाद्याचे शरीर पितळेचे. परंतु त्याचा आवाज क्लॅरिनेटप्रमाणे वेताच्या एका पातळ जिभलीच्या कंपनाने निघतो. म्हणून ते दिसण्यात ट्रम्पेटच्या कुळातले आणि स्वभावाने बासरी-सनईच्या कुळातले आहे. वादकाने ओठांचा दाब किंचित सैल किंवा घट्ट केला की स्वर खालीवर सरकतो. चाव्यांचे वाद्य असूनही त्यातून मींड निघू शकते. पेटीला जे जमत नाही ते या वाद्याला जमते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

मुंबईत या वाद्याची ओळख मुख्यतः जॅझच्या द्वारे झाली. १९३५ मध्ये लिऑन अॅबे यांचा आफ्रिकी-अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतरच्या वर्षांत हे संगीत आत्मसात करणारे बहुसंख्य देशी वादक गोमंतकीय होते. गोव्यातील चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन वाचण्याचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असल्यामुळे हे काम त्यांना सुलभ झाले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतील नृत्यसंध्या ओसरू लागल्या आणि अनेक वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्या साह्याने या संगीताचा जो उपयोग केला तो प्रसिद्धच आहे. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदामागे सेबॅस्टियन डिसूझा हे गोमंतकीय संयोजक उभे होते. मनोहारी सिंग मुंबईस आले तेव्हा ही भूमी अशी तयार झालेली होती.

२. बाटानगर ते मुंबई

मनोहारी सिंग यांचा जन्म ८ मार्च १९३१ रोजी कलकत्त्यात, मूळच्या नेपाळी कुटुंबात झाला. घरात बँडचे वादन होते. हुगळीकाठच्या बाटानगर येथे पादत्राणांच्या कारखान्याचा स्वतःचा पितळी वाद्यांचा बँड होता आणि त्याचे नेतृत्व जोसेफ न्यूमन या हंगेरियन संगीतज्ञाकडे होते. किशोरवयातच मनोहारी या बँडमध्ये दाखल झाले. वालीवसारख्या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात राहणाऱ्या आजच्या वाचकाला, कारखान्याने कामगारांच्या मुलांस स्वरलेखन शिकवावे याचे नवल वाटेल. परंतु एका मोठ्या वादकाचे प्राथमिक शिक्षण अशा ठिकाणी झाले हे खरे आहे. बासरी, क्लॅरिनेट आणि मँडोलिन ही वाद्ये त्यांनी हाताळली. पुढे ते कलकत्ता सिम्फनी ऑर्केस्ट्रामध्ये वाजवीत आणि चौरंगीवरील फिर्पोज या उपाहारगृहात जॅझही वाजवीत.

म्हणजे तीन प्रकारची शिस्त त्यांच्या अंगी एकाच वेळी मुरत होती. बँडने त्यांना श्वासावरचा ताबा दिला; सिम्फनीने लिहिलेला स्वर जसाच्या तसा वाचण्याची सवय लावली; आणि जॅझने न लिहिलेला स्वर त्या क्षणी रचण्याचे धैर्य दिले. चित्रपटसंगीतास ही तिन्ही कौशल्ये हवी होती आणि ती एकाच माणसात क्वचितच आढळत.

संगीत दिग्दर्शक सलील चौधरी यांच्या सांगण्यावरून ते १९५८ मध्ये मुंबईस आले. त्याच वर्षीच्या ‘सितारों से आगे’ या चित्रपटात सचिनदेव बर्मन यांनी त्यांना वाजविण्याची संधी दिली. तेथून पुढे शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर, कल्याणजी-आनंदजी अशा जवळजवळ सर्व प्रमुख संगीत दिग्दर्शकांकडे त्यांचे वादन मागितले जाऊ लागले. राहुलदेव बर्मन यांच्याकडे मात्र ते केवळ वादक राहिले नाहीत. ‘तीसरी मंझिल’ (१९६६) पासून बासू चक्रवर्ती आणि मनोहारी सिंग हे त्यांचे संयोजक, आणि तालाची बाजू सांभाळणारे मारुतीराव कीर, असे एक मंडळच तयार झाले. ही सोबत राहुलदेव बर्मन यांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९९४ पर्यंत, टिकली. बासू-मनोहारी या जोडनावाने त्यांनी स्वतंत्र संगीतही दिले; ‘सबसे बडा रुपैया’ (१९७६) हा त्यातील ठळक चित्रपट होय. १३ जुलै २०१० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

३. तत्सम वाद्य आणि तद्भव वाद्य

आपल्या व्याकरणकारांनी संस्कृतातून आलेल्या शब्दांपुरते तत्सम आणि तद्भव असे वर्ग केले. ही परिभाषा थोडी ताणून परकी शब्दांस लावली तर एक उपयुक्त दृष्टी मिळते. वसईचा प्रदेश १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, आणि पोर्तुगीज भाषेतून मराठीत आलेले चावी, पगार, बटाटा, परात, घमेले हे शब्द आज वालीवच्या बाजारात बोलणाऱ्या कोणालाही परके वाटत नाहीत. असा शब्द प्रथम येतो तेव्हा तो आपल्या वस्तूबरोबर येतो आणि त्या वस्तूपुरताच वापरला जातो. पुढे त्याला आपल्या विभक्ती लागतात : चावीने, पगारातून, घमेल्यात. शेवटी तो वाक्प्रचारात शिरतो. कोणी कोणाची ‘चावी फिरवतो’ तेव्हा कुलूप तेथे नसतेच. परक्या शब्दाचे देशीकरण येथे पूर्ण होते.

चित्रपटगीतातील सॅक्सोफोनचा प्रवास याच क्रमाने झालेला दिसतो. आरंभी हे वाद्य आपल्या वस्तूसह येई : पडद्यावर क्लब असे, नाच असे, मद्याचे पेले असत, आणि म्हणून सॅक्सोफोन असे. ते वाद्य ‘हे पाश्चात्त्य स्थळ आहे’ एवढेच सांगत असे. ‘कश्मीर की कली’ (१९६४) या चित्रपटात महंमद रफी यांनी गायलेले नशेतील नायकाचे गीत पाहावे. प्रसंग अजून जुनाच, मद्याचा आहे, पण ओ. पी. नय्यर यांच्या चालीत मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन स्थळाची खूण म्हणून थांबत नाही, तो नायकाच्या मनाची अवस्था बोलतो. ‘आरजू’ (१९६५) मधील लता मंगेशकर यांच्या विरहगीतात तर क्लबही नाही आणि मद्यही नाही. पूर्वी अशा ठिकाणी बासरी, सारंगी किंवा शहनाई आली असती, तेथे सॅक्सोफोन येतो आणि कोणासही विसंगत वाटत नाही. ‘गाईड’ (१९६५) मधील किशोरकुमार आणि लता मंगेशकर यांच्या द्वंद्वगीतात तो प्रसन्न होतो; ‘आराधना’ (१९६९) मधील पावसाळी रात्रीच्या, एकाच सलग दृश्यात चित्रित झालेल्या गीतात तो आर्त आणि मादक असा दोन्ही होतो. ही सर्व वाक्ये एकाच परक्या शब्दाने बनली आहेत. परंतु त्या शब्दाला आता आपल्या विभक्ती लागलेल्या आहेत.

या विभक्ती कोणत्या, हे नेमके सांगता येते. पहिली मींड. जॅझवादकही स्वर वाकवतो, परंतु तो बहुधा स्वराच्या आरंभी किंवा शेवटी. मनोहारी सिंग एका स्वरातून दुसऱ्या स्वरात जाताना मधले अंतर गायकाप्रमाणे भरून काढीत. दुसरी गोष्ट श्वासाची : त्यांच्या वाक्यांची लांबी बहुधा गीताच्या ओळीच्या लांबीशी जुळते, म्हणून वाद्य बोलत असताना शब्द नसूनही शब्दांचा भास होतो. तिसरी गोष्ट संयमाची. जॅझमध्ये वादकाला दीर्घ विस्ताराची मोकळीक असते. येथे कडव्यांमधील अल्प अवकाशातच सर्व काही सांगावयाचे असे.

याचे शुद्ध रूप पाहावयाचे असेल तर शंकर-जयकिशन यांची १९६८ ची ‘रागा जॅझ स्टाईल’ ही ध्वनिमुद्रिका ऐकावी. तोडी, भैरव, मालकंस यांपासून भैरवीपर्यंत अकरा राग तेथे सतार, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, तबला आणि ड्रम यांच्या मेळात वाजविलेले आहेत. सतार रईस खाँ यांची आहे आणि सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा. भारतीय कंपनीने काढलेल्या या प्रकारच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांत तिची गणना होते. अर्थात, देशीकरणाचा हा एकच मार्ग नव्हे. दक्षिणेत कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनी हेच वाद्य कर्नाटक संगीताच्या मैफलीत बसविले. तेथे वाद्याने एका प्रस्थापित शास्त्राचे व्याकरण पूर्णतः स्वीकारले. मुंबईत मात्र वाद्य आणि गीत या दोघांनीही एकमेकांसाठी थोडे व्याकरण बदलले.

४. संयोजक म्हणजे दुभाषी

आता ध्वनिमुद्रणगृहातील कामाची रीत पाहू. संगीत दिग्दर्शक चाल बहुधा पेटीवर बसून, गाऊन सांगे. चाल ही मौखिक वस्तू होती. परंतु समोर पन्नासेक वादक असतील तर प्रत्येकास गाऊन सांगणे शक्य नसते. आणि वाद्यवृंद गायकासह एकाच वेळी ध्वनिमुद्रित होत असल्याने एकाची चूक सर्वांची ठरे. म्हणून चाल लिहावी लागे, आणि तीही दोन लिप्यांत. व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट वाजविणारे पाच रेघांचे पाश्चात्त्य स्वरलेखन वाचीत. सतार, बासरी, सरोद वाजविणारे बहुधा सा-रे-ग-म या अक्षरांत लिहून घेत. एकाच दालनात एकच गीत दोन लिप्यांतून वाचले जाई.

सॅक्सोफोनच्या बाबतीत एक आणखी गुंतागुंत होती. आल्टो सॅक्सोफोनवर जो स्वर पांढरी एक म्हणून लिहिलेला असतो तो प्रत्यक्षात काळी दोनचा ऐकू येतो. तेव्हा गायिकेचा षड्ज काळी एक असेल, तर आल्टोवादकाच्या कागदावर तो काळी पाचच्या जागी लिहावा लागतो. गायक बदलला की षड्ज बदलतो, आणि षड्ज बदलला की सर्व कागद बदलतात. कित्येकदा गायकाच्या सोयीसाठी पट्टी ऐनवेळी बदलली जाई आणि वादकास लिहिलेले एक वाचून वाजवायचे दुसरेच असे. ही गोष्ट एका लिपीत लिहिलेला मजकूर पाहता पाहता दुसऱ्या बोलीत उच्चारण्यासारखी आहे.

संयोजकाचे काम मात्र केवळ लिप्यंतराचे नव्हते. चाल ही एकपदरी असते. तिच्याखाली कोणती स्वरसंगती ठेवावी, कोठे वाद्यांनी गप्प बसावे, मधली ओळ कोणत्या वाद्याला द्यावी, हे निर्णय घ्यावे लागत. येथे अतिशयोक्ती टाळणेही आवश्यक आहे. राहुलदेव बर्मन यांच्यासारखा संगीत दिग्दर्शक मधल्या ओळीही स्वतः गाऊन सांगे आणि वाद्याच्या रंगाचे त्याचे ज्ञान असाधारण होते. सर्व श्रेय संयोजकाकडे वळविणे हा जुन्या अन्यायावर नवा अन्याय ठरेल. परंतु चांगला दुभाषी मूळ वक्त्याचे वाक्य नुसते पोचवीत नाही, तर दुसऱ्या भाषेत ते वाक्य होईल असे ते पुन्हा रचतो. आणि ही रचना कर्तृत्वाचा भाग आहे, हे नाकारता येणार नाही.

५. ‘सहायक’ या शब्दाविषयी

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मनोहारी सिंग यांचे नाव येई ते बहुधा ‘सहायक’ या सदरात. त्यांनी वाजविलेल्या इतर शेकडो गीतांच्या बाबतीत तेवढेही येत नसे, कारण वादकांची नावे देण्याची प्रथाच नव्हती. वादकास दिवसाच्या कामाचा मोबदला मिळे आणि तेथे संबंध संपे. ध्वनिमुद्रण आटोपले की लिहिलेल्या कागदांचेही काम संपे.

तुलनेसाठी जर्मनीतील एका समव्यवसायीकडे पाहावे. क्लाउस डोल्डिंगर यांचा जन्म १९३६ मध्ये बर्लिन येथे झाला. तेही सॅक्सोफोनवादक, त्यांचेही शिक्षण पाश्चात्त्य अभिजात पद्धतीचे, ड्युसेलडॉर्फच्या संगीतशाळेतील. आणि त्यांनीही तारुण्यात जॅझ वाजविले. ‘टाटोर्ट’ या दूरचित्रवाणी मालिकेचे १९७० मधील शीर्षकसंगीत आणि ‘दास बोट’ (१९८१) या चित्रपटाचे संगीत त्यांचे आहे, आणि ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. दोघांच्या प्रतिभेची तुलना येथे अभिप्रेत नाही. भेद आहे तो व्यवस्थेचा आणि तिच्या शब्दांचा. तेथे पदाचे नाव ‘रचनाकार’ असे आहे आणि चाल व वाद्यरचना ही दोन्ही कामे बहुधा त्याच एका पदाखाली येतात. आपल्याकडील पद ‘संगीत दिग्दर्शक’ हे आहे. या शब्दातच अनेकांच्या कामाला दिशा देणे हा अर्थ आहे. म्हणजे शब्द स्वतःच कबूल करतो की काम अनेकांचे आहे, आणि तरीही नाव एकाचेच उरते.

कायद्याने काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे. १९५७ च्या लेखाधिकार कायद्यात ‘संगीतकृती’ची जी मूळ व्याख्या होती तीत कृती छापलेली, लिहिलेली किंवा अन्य रीतीने रेखांकित असणे आवश्यक मानले होते. ज्या देशात चाल गाऊन सांगितली जाते तेथे ही व्याख्या विलक्षणच म्हटली पाहिजे, कारण लिहिणारा हात पुष्कळदा संयोजकाचा असे. १९९४ च्या दुरुस्तीने ही अट गेली. स्वरलेखन केले असो वा नसो, रचणारा तो रचनाकार, असे ठरले. मौखिक परंपरेला हा योग्य न्याय होता. परंतु संगीताचे संयोजन हे कायद्याच्या दृष्टीने मूळ कृतीचे ‘रूपांतर’ होय, आणि रूपांतराचा अधिकार मूळ हक्कदाराकडेच राहतो. १९९४ च्या त्याच दुरुस्तीने गायक-वादकांचे हक्कही मान्य केले आणि २०१२ मध्ये ते विस्तारले. मात्र २०१२ च्या दुरुस्तीत एक परंतुक आहे : चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आहे, आणि व्यवसायाच्या रूढीप्रमाणे ज्याचा उल्लेख श्रेयनामावलीतही होत नाही, त्यास एका मर्यादित प्रयोजनाखेरीज ‘कलावंत’ समजले जाणार नाही. म्हणजे नाव लिहिण्याची रूढी ही आता केवळ सौजन्याची बाब राहिलेली नाही. जेथे नाव लिहिण्याची प्रथा नाही, तेथे काम प्रासंगिक होते असे म्हणणेही सोपे जाते.

६. उपसंहार

मनोहारी सिंग यांच्या कारकिर्दीवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, परके वाद्य आपले होते ते त्याची नक्कल करून नव्हे आणि त्यास नाकारूनही नव्हे. आपल्या उच्चाराच्या सवयी त्यास लावल्याने होते, आणि हे काम दोन्ही भाषा जाणणारा माणूसच करू शकतो. दोन, जी संस्कृती मुखाने रचते आणि लेखणीने वाजवून घेते, तीत लेखणी धरणारा माणूस सर्वांत आधी विसरला जातो.

यावरून अभ्यासकांसाठी एक लहानसे कर्तव्य निष्पन्न होते. चित्रपटगीतांच्या सूची आपल्याकडे अनेक झाल्या आहेत आणि त्या परिश्रमपूर्वक झाल्या आहेत. त्यांत संयोजक आणि प्रमुख वादक यांच्यासाठी आणखी दोन रकाने असावेत. मराठी चित्रपटगीते आणि भावगीते यांनाही हेच लागू आहे. ज्यांनी ही गीते वाजविली त्यांतील पुष्कळ आज हयात नाहीत. जे आहेत त्यांच्या आठवणी आणि त्यांच्या पेटाऱ्यातील स्वरलेखनाचे कागद हे आपल्या शतकाच्या संगीताचे हस्तलिखित भांडार आहे. जुन्या पोथ्यांचे पाठ जुळवून मूळ लेखक आणि लिपिक वेगळे करण्याची विद्या आपल्या विद्यापीठांस अवगत आहे. तीच विद्या आता या कागदांकडे वळवावी.